मांजरपाटाची सहल

मास्तर कपड्यांच्या कारखान्यात कापणीच्या टेबलावर होते. भारी कापडाला कात्री लावायची तर आधी तोच नमुना स्वस्तातल्या मांजरपाटावर कापून बघायचा, ही तिथली रीत. ती त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की या नव्या शहरात आल्यापासून घरच्या सहलीही ते तशाच बेतत. आधी एकटे जाऊन यायचे. बस कुठं बदलायची, सावली कुठं सापडते, पिण्याच्या पाण्याचा नळ खरंच चालू आहे की नुसताच उभा आहे, धाकटीला ऐनवेळी लागली तर काय, हे सगळं पाहून मगच रविवारी घरच्यांना न्यायचे. खर्च काय तो बसच्या तिकिटाचा. टेकडी झाली, तळं झालं, विमानं उतरताना दिसतात ते कुंपणही झालं. "बाबांनी मांजरपाट केला का?" असं पोरी शनिवारीच विचारायच्या.

या रविवारी सासूबाई पाहुण्या आल्या होत्या, म्हणून मास्तरांनी राखून ठेवलेलं ठिकाण बाहेर काढलं. समुद्रातलं बेट. बेट म्हणजे खडकाचा एक उंचवटा, वर थोडं गवत आणि एक बंद पडलेला दीपस्तंभ. होडीवाले तिथं न्यायला माणशी वाटेल ते मागत. पण ओहोटीला किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांची वाट उघडी पडते आणि तिच्यावरून फुकट चालत जाता येतं, हा मास्तरांचा शोध. मध्यंतरी एका मंगळवारी कारखान्यात वीज नव्हती, तेव्हा ते जाऊन आले होते. सकाळी गेले, दुपारी परतले, चपलेचा तळवासुद्धा भिजला नाही.

घोळ झाला तो इथंच. मास्तर वाढले त्या गावात पाणी विहिरीत असायचं, आणि विहीर कधी जागा सोडून जात नाही. भरती-ओहोटी त्यांनी ऐकली होती. पण आपल्या मनानंच ते धरून चालले की समुद्रही कामगारासारखा पाळीवर असणार, सकाळी बाहेर पडणार आणि संध्याकाळी घरी येणार. त्याची पाळी रोज सरकते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनीही कुणाला विचारलं नव्हतं.

जाताना वाट ओलसर लागली. शिंपल्या वेचणारी एक बाई बादली घेऊन किनाऱ्याकडे परतत होती. लांबूनच तिनं हात हलवत काहीतरी ओरडून सांगितलं. वाऱ्यानं शब्द कुठल्या कुठं नेले. मास्तरांनीही हसून हात हलवला.

"तुमच्या ओळखीची का, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं.

"छे हो. माणसंच चांगली आहेत इथली."

बेटावर उकडलेली अंडी आणि काकड्या खाऊन झाल्या. सासूबाईंनी पाय पसरले. "नाही म्हटलं तरी जागा झकास काढलीत," त्या म्हणाल्या, आणि मास्तर कानापर्यंत लाल झाले. त्यांच्या तोंडून असं काही ऐकायची लग्नानंतरची ही पहिलीच वेळ असावी.

तेवढ्यात धाकटी धावत आली. "बाबा, वाट कुठं गेली?"

मास्तर उठून गेले. वाटेची दोन्ही टोकं दिसत होती. मधला भाग नव्हता. तिथं नुसतं चकाकणारं पाणी.

बायको मागून आली. "अहो, तुम्ही आलात तेव्हाही एवढं पाणी होतं?"

एका शब्दाचं काम होतं. पण सासूबाई कान देऊन होत्या, आणि नुकतीच मिळालेली शाबासकी मास्तरांना अजून सोडवत नव्हती.

"असतं एवढं," ते म्हणाले. "घोट्याच्या वर जात नाही. चला, आवरा पटापट."

धाकटीला खांद्यावर घेऊन ते पुढं झाले. मागं सासूबाई, मग थोरली, शेवटी पिशवी घेऊन बायको. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. समोरून येतं असं वाटत होतं, पण ते एका बाजूनं येत होतं आणि पायांना दुसऱ्या बाजूला ओढत होतं. दगड शेवाळलेले. पाऊल टाकायचं, चाचपायचं, मगच अंग सोडायचं.

पाणी गुडघ्यावर आलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "जावईबापू, हा घोटा कुणाचा धरायचा? हत्तीचा?"

कुणी हसलं नाही. थोरलीचा पाय सटकला. आईनं दंड पकडला म्हणून वाचली. एक चप्पल मात्र सुटली आणि बघता बघता लांब गेली. ती केवढ्या वेगानं गेली ते सगळ्यांनी पाहिलं.

किनारा जवळ होता, हीच पंचाईत. बसथांब्यावरची माणसं दिसत होती. आणखी थोडं रेटलं तर पोचू, मास्तरांच्या मनानं घेतलं. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं आणि ते एकदम कमरेपर्यंत आत गेले. धाकटीनं त्यांचे कान गच्च धरले. ती रडत नव्हती, नुसती जोरात श्वास घेत होती, आणि तेच त्यांना जास्त ऐकू येत होतं.

"थांबा!" बायको ओरडली. "खरं सांगा. त्या दिवशी पाणी किती होतं?"

"नव्हतं," मास्तर म्हणाले.

"काय?"

"पाणी नव्हतंच गं! कोरडी वाट होती!"

"मग पुढं किती खोल आहे?"

"माहीत नाही मला."

बायकोनं पिशवी पाण्यात सोडून दिली आणि थोरलीचा हात मनगटापाशी धरला. "सगळे मागं फिरा. आई, माझ्याकडे बघ. पायाकडे बघू नकोस."

आता ती पुढं होती आणि मास्तर शेवटी. परतीची वाटही मघाची राहिली नव्हती. तिथंही पाणी मांडीएवढं झालं होतं. एकदा सासूबाई कलंडल्या. मास्तरांनी एका हातानं धाकटीला आणि दुसऱ्यानं त्यांच्या काखेला धरलं, आणि तिघंही क्षणभर तशीच डुलत राहिली. पडलो तर कुणाला सोडायचं, हा विचार त्यांच्या मनात येऊन गेला. पुढं आयुष्यभर तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. मग पाय टेकला. शेवटचा टप्पा सगळ्यांनी हातापायांवर रांगत काढला.

खडकावर आल्यावर सासूबाई नुसत्या धापा टाकत बसल्या. टोमणा मारला असता तर बरं, असं मास्तरांना वाटलं. खिशातला फोन काढून पाहिला; त्यातून पाणी गळत होतं.

बायको खडक निरखत होती. खालचा भाग काळा, शेवाळाचा. बराच वर गवत. "गवत आहे तिथवर खारं पाणी चढत नसणार," ती म्हणाली. "नाहीतर ते जगलं नसतं. वर चला." पोरींना तिनं दीपस्तंभाच्या भिंतीला टेकून बसवलं.

"बाबा, पाणी परत कधी जाणार?" धाकटीनं विचारलं.

चौघींनी मास्तरांकडे पाहिलं. 'जाईल तासाभरात' हे उत्तर जिभेवर तयार होतं. ते त्यांनी गिळलं.

"मला ठाऊक नाही, बाळा. या समुद्रातलं मला काहीच ठाऊक नाही."

सासूबाई ओचा पिळत होत्या. "एवढंच किनाऱ्यावर म्हणाला असतात," त्या म्हणाल्या, "तर काय बिघडलं असतं?"

मास्तर उठले. ते खाली उतरले, पाण्याच्या काठावर एक चपटा दगड ठेवला आणि उकिडवे बसले. पाण्यानं दगड गिळला. त्यांनी दुसरा ठेवला, वीतभर वर. तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी बायको शेजारी येऊन बसली. पाणी दगडाला लागायचं, मागं जायचं, पुन्हा लागायचं. ऊन डोक्यावरून कलायला लागलं होतं. दगडाचा माथा अजून कोरडा होता.

"थांबलं का हो?" तिनं हळूच विचारलं.

"मला तसं वाटतंय," मास्तर म्हणाले. "पण तू बघून सांग."

बायको वाकून त्या दगडाकडे बघू लागली.