चव्वेचाळिसाव्या पानाची दुरुस्ती

फोनचं रेकॉर्डिंग संपलं आणि आमचे मॅनेजर ऋषभ सर यांनी माहितीपुस्तकाचं चव्वेचाळिसावं पान सुनीतीताईंसमोर सरकवलं. "मॅडम, पढ़िए. इसमें क्या लिखा है, और आपने क्या बताया?"

ते पान मी आदल्याच दिवशी बदललं होतं. तारीख मात्र त्या फोनच्या आधीची, जानेवारीची टाकली, सरांनी सांगितली तशी. मी सुधीर, या कंपनीच्या माहितीपुस्तकांचा राखणदार. राखणदार कसला, शेत खाणारं कुंपण.

आमची चारबागची कंपनी स्वतःची कॉम्प्युटर सिस्टीम विकते. गिऱ्हाइकाचा मदतीसाठी फोन आला की पुस्तकात आहे तेवढंच वाचून दाखवायचं, स्वतःच्या डोक्याने एक शब्द बोलायचा नाही, हा इथला नियम. ताई चौदा वर्षं त्या फोनवर. नवरा गेल्यावरही साताऱ्याला परतल्या नाहीत, याच नोकरीवर इथे हिंदी मुलखात राहिल्या. नव्या सिस्टीममध्ये बाहेरची डिस्क 'मीडिया' फोल्डरमध्ये उघडते आणि पुस्तक अजून जुनाच 'एमएनटी' फोल्डर सांगतंय, हे त्यांनीच पकडलं. जुना फोल्डर रिकामा पडून असतो. त्यात फायली टाकल्या तर मशीन हूं की चूं करत नाही, पण डिस्कवर काहीच जात नाही, सगळं मशीनमध्येच राहतं.

दुरुस्तीची चिठ्ठी त्यांनी मला तीनदा लिहून दिली. तिसऱ्यांदा वैतागून म्हणाल्या, "अहो सुधीर, कुणाचं तरी वाटोळं झाल्यावर छापणार का?" मी सरांकडे गेलो. सर म्हणाले, सिस्टीमच पुन्हा पहिल्यासारखी केली आहे, किताब सही है. मी तपासलं नाही. दोन मिनिटांचं काम होतं. ताईंना जाऊन तेच सांगितलं आणि त्यांनी ते खरं मानलं.

मग अमौसीच्या एका गोदामाचा फोन आला. ताईंनी पान वाचून दाखवलं. गोदामवाल्यांनी चार वर्षांच्या नोंदी त्या रिकाम्या फोल्डरात टाकल्या आणि बिनघोर मशीन पुसून टाकलं. सगळं गेलं. आता पुस्तक चुकीचं ठरलं तर दोष सरांचा, बरोबर ठरलं तर ताईंचा. म्हणून मला पुस्तक बरोबर करायला लावलं. नवं वाक्य जुळवायचेही कष्ट मी घेतले नाहीत. ताईंच्या चिठ्ठीतलं जसंच्या तसं उतरवलं.

ताईंनी चष्मा पुसला, पान वाचलं. आपलं वाक्य माणूस ओळखतोच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिन्ही चिठ्ठ्या माझ्या खणात होत्या. उठून आणल्या असत्या तर त्यांची नोकरी वाचली असती आणि माझी गेली असती. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण नुसत्या लाजेने कुणी खुर्चीवरून उठत नाही.

सरांनी राजीनाम्याचा टाइप केलेला कागद पुढे केला. ताईंनी सही केली. मग माझ्यासमोरची पेन्सिल उचलून शेजारच्या पंचेचाळिसाव्या पानावर एक गोल काढला.

"डिस्क काढायची कशी, तिथे अजून जुनंच राहिलंय," त्या मराठीत मला म्हणाल्या. "ते आज बदला. उद्या माझ्या जागेवर बसणारी हेच वाचून दाखवेल."

पेन्सिल ठेवून त्या बाहेर गेल्या.

"क्या कह रही थीं?" सरांनी विचारलं.

"कुछ नहीं, सर," मी म्हणालो.