दोन बोटं खाली

जांभळ्या मार्करचं टोपण. हिंदमाताच्या पाण्यात तरंगणारं प्लास्टिकचं स्टूल. सतरावी खेप, पंचविसांतली. आतून जांभळा झालेला ब्लाऊज. बेसिलची दोन बोटं, हवेत.

यातलं आधी काय, मागून काय, हे बेसिलला आज लावता येईना.

एवढं नक्की, की त्याच्या बायकोच्या, नॉर्माच्या छातीवर हॉस्पिटलवाल्यांनी मार्करने रेषा आखल्या होत्या, मधे एक फुली. कॅन्सरवरचे किरण त्या रेषांवरून द्यायचे, रोज एक खेप. खाडा करायचा नाही, रेषांना पाणी लागू द्यायचं नाही. काल हॉस्पिटलचा फोन लागेना, पाऊस थांबेना. शेवटी सकाळी नऊ वाजता दोघं दादरहून चालतच परळला निघाली. हिंदमाताला पाणी गुडघ्याला होतं, मग एका खड्ड्यात नॉर्माच्या गळ्याला. तिथूनच परतली. घरी येऊन बघतात तर रेषा पुसलेल्या.

“मी काढतो की,” बेसिल म्हणाला. चाळीस वर्षं त्याने सुटांचं कापड बेतलं होतं. झोकात काढल्या. मग जरा मागे सरला.

“फुली गळ्याच्या हाडाखाली दोन बोटं होती ना?”

“कुणाची बोटं, तुझी की माझी?”

“ते आता मला काय माहीत?”

“मग काढलीस कशाला रे?”

आडवी रेघ काखेकडे चढत होती की उतरत होती, तेही आठवेना. रात्रभर दोन्ही आठवत राहिलं.

आज पाणी ओसरलं होतं. हॉस्पिटलच्या बाकावर नॉर्मा कुजबुजली, “गप्प राहा. सांगितलंस तर परत मापं घेतील. कालचा खाडा, आजचा पण.”

सुटाच्या शिवणीत इंचभर कापड जास्तीचं सोडतात, चुकलं तर उसवता येतं. इथे कुठे सोडलंय? पण खाडा पडला तर तेही वाईटच. मग बरोबर काय?

मशीनवरच्या दीपिकाने पडद्याआड नॉर्माला तपासलं. “छान राहिल्यात हो आंटी. पावसात कुणाच्याच राहिल्या नाहीत.”

“त्या तुमच्या नाहीत,” बेसिल पडद्याबाहेरून म्हणाला. “मी काढल्यात. अंदाजाने.”



“काका, ब्लाऊज आहे का हा?” दीपिका म्हणाली. स्पिरिटचा वास आला. “आज नाही होणार. आधी स्कॅन. परवा या.”

“ऐकलंस, टेलर?” नॉर्मा आतून म्हणाली.

बेसिल पडद्याकडे बघत उभा राहिला. आपण तिला वाचवलं की तिचे आणखी दोन दिवस घालवले, हे त्याला कळेना.

हॉस्पिटलच्या तळघरात पाणी शिरलं म्हणून काल सकाळी सातलाच, दोघं घरातून निघण्याआधीच, मशीन बंद केलं होतं.