तीन खाचांची बांगडी

मित्रांनो, झिजत आलेली तांब्याची एक जुनी बांगडी मी. सुरेखाताईंनी मला औरंगपुऱ्याच्या बाजारात विकत घेतलं आणि तिथंच माझ्या अंगावर तीन खाचा पाडून घेतल्या. त्या खाचा म्हणजे त्यांचं नाव.

ते नाव कडुबासाठी होतं. त्याला दिसत नाही, ऐकूही येत नाही. त्याच्यासारख्यांसाठी असलेल्या केंद्रात ताई काम करत. सकाळी केंद्रात आल्या की ताई त्याच्या खांद्याला हलकेच हात लावत, मग आपलं मनगट त्याच्या हाताखाली सरकवत. तो खाचा मोजे आणि हसे. संध्याकाळी त्या त्याच्या तळव्यावरून तळवा फिरवत, म्हणजे ‘संपलं’. मग त्याच्या मनगटावर दोनदा बोट टेकवत, म्हणजे ‘उद्या’.

नव्या मदतनिसांना त्या डोळ्यांवर पट्टी बांधून, कानांत बोळे घालून शिकवत. कुणी हात ओढला की म्हणत, "ज्वारीचं पोतं हाय का ते? हात खालून द्यायचा. धरायचा का नाय, ते त्याला ठरवू द्या."

ताईंचा नवरा गेला तेव्हा बाया बांगड्या उतरवायला आल्या. "काचेच्या न्या," ताई म्हणाल्या. "ही काढली तर कडुबाला मी कळणार नाय."

अशी बावीस वर्षं गेली. खाचा बोथट झाल्या, मीही दमले. या उन्हाळ्यात ताई वारल्या.

कडुबा तीन दिवस जेवला नाही. ताईंची मुलगी निशा मला घेऊन केंद्रात आली आणि नवी मदतनीस श्रेया हिला म्हणाली, "तू घाल. आईच आली वाटंल त्याला. दोन घास तरी खाईल."

श्रेयानं मला घातलं. कडुबानं खाचा मोजल्या, हसला, घासासाठी तोंडही उघडलं. मग त्याची बोटं खाली तळव्यावर उतरली. तळवा परका होता. त्यानं ताट लोटून दिलं. मित्रांनो, आयुष्यात तेवढं एकदाच मी खोटं बोलले.

निशा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. "निशाताई, त्याला सांगावं लागंल," श्रेया म्हणाली. निशानं होकाराची मान हलवली.

श्रेयानं मला काढून त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या दुसऱ्या तळव्यावरून तळवा फिरवला. संपलं. कडुबानं मनगट पुढं केलं आणि वाट पाहिली. बोट टेकलं नाही. फार वेळानं त्यानं मला मुठीत घट्ट धरलं.

मग श्रेयानं आपलं मनगट त्याच्या हाताखाली नेऊन ठेवलं. त्यावर दोऱ्यात ओवलेला लाकडी मणी होता. त्यानं तो चाचपला, तेव्हा कुठं तिनं त्याच्या मनगटावर दोनदा बोट टेकवलं.

त्या दिवशी तो जेवला नाहीच. दुसऱ्या दिवशी अर्धी भाकरी खाल्ली.

आता मी त्याच्या सदऱ्याच्या खिशात असते. निशानं मला परत मागितलं नाही. मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे: कुणाजवळ जाताना दुसऱ्याची बांगडी घालून जाऊ नका. आपण कोण ते आधी सांगा, हात खालून द्या आणि थांबा.