प्रमोदिनीने मेमरी बसवली

तेव्हाचे जयनगर ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते आठवतच असेल. भर दुपारी रस्त्यावर दाट सावली, पंख्याविना लागणारी झोप, आणि इलेक्ट्रॉनिक सिटीला जाणारी कंपनीची बस कोपऱ्यावर थांबली की कौतुकाने बघणारे लोक. नंदकिशोर त्याच बसने कामावर जाई. त्याचे घर मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात मुरलेले. आईला तो अम्मा म्हणे. बायको प्रमोदिनी मात्र सांगलीची, लग्न होऊन आलेली.

१९९८ची दिवाळी जवळ येत होती. मराठी मंडळाचा अंक काढायचे काम प्रमोदिनीने अंगावर घेतले होते. नंदकिशोरच्या ऑफिसने जुना म्हणून काढलेला लॅपटॉप घरी आला होता, त्यावर ती लेख टाइप करी. पण मजकूर वाढला तसे ते यंत्र आडमुठेपणा करू लागले. पान उघडायला सांगावे, चहा करून यावा, तरी पडद्यावर वाळूचे घड्याळ तसेच!

एके दिवशी मंडळातले सर्वांत वयस्क गृहस्थ कृष्णाजी आपल्या लहानपणीच्या आठवणी सांगत होते आणि प्रमोदिनी टाइप करत होती. त्यांना दिसत नसे, त्यामुळे लिहिणे शक्यच नव्हते. लेख संपत आला आणि लॅपटॉप गोठला. सगळे पुसले गेले.

"पुन्हा सांगेन की," कृष्णाजी म्हणाले. मग उठता उठता, "आठवलं तर."

ते शब्द प्रमोदिनीला लागले.

"त्याला मेमरी कमी पडतेय," संध्याकाळी नंदकिशोर म्हणाला. "आणखी एक पट्टी बसवली की झालं. रविवारी बघतो."

रविवार आले नि गेले. कधी प्रोजेक्टचे काम, कधी पाहुणे.

"अहो, मी बसवू का? लॅपटॉपबरोबर आलेल्या पुस्तिकेत चित्रं आहेत," तिने विचारले.

"छे गं! ते तुझं काम नाही. हात लावू नकोस, उगाच काहीतरी बिघडायचं."

तो रागावून बोलला नव्हता, मायेनेच बोलला होता. म्हणूनच तिने पुस्तिका मिटून ठेवली.

सासूबाई, शकुंतलाबाई, शेंगा सोलत ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी मुलगा कामाला गेल्यावर त्या चपला घालून उभ्या राहिल्या. "चल, एस. पी. रोडला जाऊ. संगणकाचे सुटे भाग तिथंच मिळतात."

तिथल्या दुकानदाराने दोघींकडे पाहिले आणि म्हणाला, "साब को भेजिए ना मॅडम, आपको समझ में नहीं आएगा." प्रमोदिनीने पुस्तिकेतले पान त्याच्यापुढे धरले. "यही चाहिए." त्याने पट्टी काढून दिली.

घरी येऊन तिने लॅपटॉप बंद केला, वायर काढली, बॅटरी काढली. अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडी खिडकीला हात लावला. लॅपटॉप पालथा करून खालच्या लहान झाकणाचे स्क्रू सोडवते न सोडवते तोच दारात नंदकिशोर! त्या दिवशी तो लवकर आला होता.

"हे काय चालवलंयस? नको म्हटलं होतं ना!"

प्रमोदिनीचा हात थबकला. पण शकुंतलाबाई पुढे झाल्या.

"नंदू, मी टेलिफोनच्या कारखान्यात लागले तेव्हा तुझे आजोबाही हेच म्हणाले होते. बायकांच्या बांगड्या यंत्रात अडकतील म्हणे! बांगड्या काढून ठेवल्या आणि गेले. दिवसभर बारीक तारा जोडायची मी. आणि घरी फ्यूज उडाला की मला सोडून तुझे अप्पा शेजारच्या अण्णांना हाक मारायचे. तू हेच बघत वाढलास."

"पण अम्मा, बिघडलं तर?"

"बिघडू दे! तू लहानपणी रेडिओ उघडून पार वाट लावलीस, तेव्हा अप्पा हसून म्हणाले, पोरगा शिकतोय. मग हिने बिघडवलं तर ती शिकतेय असं का नाही म्हणायचं?"

नंदकिशोर पिशवी ठेवून जवळ येऊन बसला.

प्रमोदिनीने पट्टी तिरपी धरून खाचेत सरकवली, खाली दाबली, झाकण आणि बॅटरी लावून बटण दाबले. पडदा काळाच! आतून नुसती बीप बीप. नंदकिशोरने हात पुढे केला.

"स्वल्प थांब, जरा दम धर," शकुंतलाबाई म्हणाल्या. "तिलाच बघू दे."

तिने पुन्हा बॅटरी काढून झाकण उघडले. पट्टीची सोनेरी कड एका बाजूने अजून बाहेर दिसत होती. मोडेल या भीतीने तिने जोरच दिला नव्हता! आता तिने अंगठ्यांनी नीट दाबले. टक्‌ असा आवाज झाला. बॅटरी लावून बटण दाबताच पडद्यावर मेमरी मोजणारे आकडे भराभर चढू लागले, पहिल्यापेक्षा कितीतरी पुढे गेले. प्रमोदिनी लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती!

नंदकिशोर ओशाळून हसला. "खरं सांगू? मी स्वतः कधी उघडलेलाच नाही गं. ऑफिसात ते काम करायला माणसं येतात. रविवार टळत होते ते त्यामुळेच."

"सरी, बरं झालं, आता ती तुला शिकवील," शकुंतलाबाई म्हणाल्या.

कृष्णाजी पुन्हा आले. बोलता बोलता त्यांना पहिल्या खेपेला निसटलेली आईच्या जात्यावरची एक ओवीही आठवली. अंक वेळेवर निघाला.

पुढे नाताळच्या सुट्टीत मंडळाने मुलामुलींसाठी संगणकाचा वर्ग काढायचे ठरवले. सर्वांच्या नजरा नंदकिशोरकडे वळल्या. तो उभा राहून म्हणाला, "मी नाही, प्रमोदिनी शिकवेल. मी पहिल्या बाकावर बसेन." वर्गाच्या पहिल्या दिवशी तिने एक जुना संगणक टेबलावर ठेवला आणि मागे लपणाऱ्या मुलींना आधी पुढे बोलावले.

बंधुभगिनींनो, आपल्या घरांतही 'तुला जमणार नाही' हे वाक्य किती मायेने बोलले जाते! यंत्राला बाई-पुरुष कळत नाही. ती भीती आपणच पेरतो. माया असेल तर जवळ उभे राहावे, चुकू द्यावे, आणि आपला हात जरा आवरून धरावा.