निशाणी शिट्टी

मी शिट्टी बोलतेय. खरं म्हणजे ही बढाई झाली. कुणी फुंकल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि हल्ली मला कुणी फुंकत नाही. पण मनातल्या मनात बोलायला काही कुणाची परवानगी लागत नाही.

मी पितळेची. वरचा चकचकीत मुलामा ओठांपाशी कधीच उडून गेलाय. पोटात बुचाची एक गोळी आहे, ती नाचली की माझा आवाज निघतो. साताऱ्याकडच्या नाथाजी फौजींनी मला पलटणीच्या कॅन्टीनमधून घेतलं आणि लेकीला, संयोगिताला, पी.टी. शिकवायची नोकरी लागली तेव्हा तिच्या गळ्यात घातलं. "दागिना म्हून मिरवू नगंस. वाजवत जा," एवढंच ते म्हणाले.

शाळा सांगली जिल्ह्यातली, कवठे महांकाळजवळच्या एका गावातलं हायस्कूल. सगळं माळरान, पण मैदान ऐसपैस होतं. संयोगिताबाईंनी तिथं मुलींना खो-खो शिकवला. सकाळी मी वाजले की पोरी वेण्या घालत घालत धावत यायच्या. समीना नावाची एक मुलगी तर याच मैदानावर पळून पळून पुढं पोलिसात भरती झाली. शाळेच्या शिपाई बनुबाई मैदानावरचे खडे वेचायच्या, पाणी मारायच्या आणि एखादी पोर पडली की बाईंच्या आधी तिच्यापाशी पोचायच्या. सगळे त्यांना मावशीच म्हणत.

बाई निवृत्त झाल्या. नारळ झाला, शाल झाली, भाषणं झाली. माणसांना कुणाला घालवायचं असलं की ती फार गोड बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला गळ्यात घालून पुन्हा मैदानावर हजर.

मग संस्थेचे चेअरमन वीरधवलबापू यांच्या मनात आलं की मैदानावर दुकानगाळे बांधावेत. बाई संस्थेच्या सभासद होत्या. मैदान वाचवायचं म्हणून त्या संचालक मंडळाच्या निवडणुकीला उभ्या राहिल्या. सभासदांत निम्मे बापूंचे भाऊबंद, उरलेले बापूंचे मिंधे. बाई पडल्या, आणि त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते बाईंनी विधानसभेला अपक्ष म्हणून अर्ज भरला तेव्हा.

बापू चहाच्या हॉटेलात बसले होते. बाई रस्त्यानं चालल्या होत्या. बापूंनी हाक मारली.

"बाई, आमदारकीचं ऱ्हाऊ द्या. निस्तं आपल्या गावात तरी आमच्या माणसाच्या म्होरं जावा. गेलासा, तर मैदानाला हात लावणार न्हाई. चारचौघांत शब्द देतो."

"शब्द आहे ना, बापू?"

"हाय की."

बाई आमदार होणार नव्हत्या. ते त्यांना कळत होतं, मलाही कळत होतं. पण गावात पुढं जाणं जमण्यासारखं होतं. गावातल्या निम्म्या बाया त्यांच्या हाताखालून गेलेल्या, उरलेल्यांच्या लेकी गेलेल्या. आमची सगळी लढाई त्या एका गावापुरती होती.

निशाणी निवडायची वेळ आली. यादीत फळा होता, दप्तर होतं, पण बाईंनी शिट्टीवर बोट ठेवलं. मी गळ्यातच होते. इतकी वर्षं वाजले, पण तेवढी फुगले कधीच नव्हते.

तो आनंद चार दिवसही टिकला नाही. बापूंच्या माणसांनी तक्रार केली की शाळेच्या मैदानावर उमेदवाराची निशाणी वाजते, हा प्रचार आहे. निवडणुकीच्या साहेबांनी बाईंना समज दिली. बाई शिस्तीच्या. त्यांनी मला घरी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवलं. मुली टाळीवर खो-खो खेळू लागल्या. सगळं गाव माझ्या नावानं मत देणार होतं आणि त्याच दिवसांत गावाला माझा आवाज ऐकू येईनासा झाला.

पत्रकावर माझं चित्र होतं. कागदावर छापलेली शिट्टी कधी नीट पाहिलीय का तुम्ही? मुलीच म्हणाल्या, "बाई, हे कुलूप वाटतंय." बाई हसल्या आणि दारोदार फिरल्या. उन्हानं चेहरा करपला, आवाज बसला.

"शिट्टीला मत द्या. विसरू नका."

"शिट्टीलाच की, बाई. इसरतोय व्हय?"

मतदानाच्या दिवशी बाया नव्या साड्या नेसून गेल्या. परत येताना बाईंच्या दारावरून जात हसत हात करत होत्या. बाईंनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं.

मतमोजणीत आमच्या गावाची मशीन उघडली तेव्हा बापूंचा माणूस पुढं होता. बाई त्याच्या मागं, अगदी थोडक्या मतांनी. आणि त्यांच्या मागं, शंभरावर मतं घेऊन, कुकर. कुकर निशाणीचा उमेदवार कुठला तरी लांबचा. गावात त्याचं पाऊल पडलं नव्हतं, पत्रकसुद्धा आलं नव्हतं. त्याला गावात कुणी मतं दिली, हे कुणालाच समजेना.

दोन दिवसांनी बनुमावशी भाकरी आणि ठेचा घेऊन घरी आल्या. बाईंनी त्यांना स्वयंपाकघरातच बसवून घेतलं. गॅसवर डाळीचा कुकर होता. त्याची शिट्टी झाली तशा बनुमावशी कौतुकानं त्याच्याकडं बघत म्हणाल्या,

"ह्येच दाबलं बघा आमी समद्यांनी."

बाईंचा हात तसाच थांबला. "काय दाबलं?"

"कुकर. आवं, तुमच्या कागदावरचं चितर आमाला कवा उमगलंच न्हाई. पर मतदानाच्या दिशी शाळंच्या भिताडावर समद्या निशाण्यांचा कागुद लावला हुता, त्येच्यात कुकर दिसला. म्हटलं, शिट्टी तर ह्येचीच असती. बायांची रांग हुती, म्या एकेकीला दावलं. आमच्या आळीत एकीनंबी चूक क्येली न्हाई."

मावशींनीच मग विचारलं, "तरी कशा पडलासा वो बाई?"

मी खिळ्यावरून बघत होते. मला वाटलं, आता बाई सांगणार. बाईंनी गॅस बारीक केला.

"मावशी, तुमची सगळ्यांची मतं मला पोचली."

"पोचली न्हवं? मग झालं," म्हणाल्या मावशी आणि ठेच्याचं झाकण काढलं.

बापूंनी शब्द पाळला. बाई पुढं गेल्या नाहीत, म्हणून मैदान गेलं. आज तिथं गाळ्यांची शटरं आहेत. पोरी शाळा सुटली की सरळ घरी जातात. मी अजून त्याच खिळ्यावर आहे. पोटातली गोळी सुकून एका कोपऱ्यात चिकटलीय. फार वाईट वाटतं. मैदानाचं तर वाटतंच, पण बाईंचं जास्त वाटतं.

या घरात आता कुकर लावत नाहीत. बाई डाळ पातेल्यात शिजवतात, वाफेसमोर ताटकळत उभ्या राहतात. परवा बनुमावशींनी विचारलं, "कुकर बिघाडला व्हय वो?" बाई म्हणाल्या, "हो, शिट्टीच होत नाही त्याची."

तुमच्यापाशी माझं एकच मागणं आहे. कधी आमच्या गावावरून गेलात आणि बनुमावशी भेटल्या, तर त्यांना यातलं काही सांगू नका. मी सांगायचा प्रश्नच नाही. मला कुणी फुंकत नाही.