गोणपाटाची आतली बाजू

“पुसून टाक थे,” पार्वताबाई सुनेला म्हणाली. तिने भिंतीकडे मान वर करून पाहिलंसुद्धा नव्हतं.

कौशल्या चुलीतला विझलेला कोळसा हातात घेऊन तशीच उभी राहिली. पांढऱ्या मातीने पोतारलेल्या भिंतीवर तिने एका मुलीचा चेहरा काढला होता. डोळे जमले होते, कपाळावरची बटही जमली होती, पण ती वच्छला नव्हती. गल्लीतली कुणाचीही पोर वाटली असती. लेकीला मरीच्या साथीने नेऊन महिनासुद्धा झाला नव्हता, आणि आईच्या हातून तिचं तोंड निघत नव्हतं.

“मेल्या लेकराचं चित्र घरात काढू नये. जीव घुटमळते त्याचा,” सासू म्हणाली. “अन् जित्याचं काढलं तं आयुष्य घटते. कितीक डाव सांगतलं तुले. पोट्टी होती तवा तं नाही ना काढलं कधी?”

“नाही जी, आत्याबाई.”

कौशल्या खोटं बोलली. ओलं फडकं घेऊन तिने भिंत पुसली आणि फडकं पिळताना पाणी काळं झालेलं पाहून तिला रडू आलं.

चित्रं काढायचं हे वेड तिला लहानपणापासूनचं. परातीतल्या पिठावर तिचं बोट फिरायचं, चुलीपुढच्या राखेत फिरायचं, आणि भाकरी करपायची. नागपंचमी आली की गल्लीतल्या बाया तिला हाताला धरून न्यायच्या. तिने काढलेला नाग पाहून लहान पोरं भिंतीपासून लांब सरायची. देवळात पोथी लागली की ती पुढे सरकून बसायची. वाचता तिला येत नव्हतं. कथा कानांवर पडायची, पण डोळे पानांवरच्या अक्षरांवर असायचे. त्यांची वळणं मांडीवर बोटाने गिरवताना तिला कशाचं भान उरायचं नाही. सून मोठी भाविक आहे, असं पार्वताबाई चारचौघींत सांगायची, आणि कौशल्या ते खुशाल सांगू द्यायची.

अमेरिकेत लढाई जुंपली आणि वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हा अमरावतीत भल्याभल्यांची डोकी फिरली. तिच्या नवऱ्याचंही फिरलं. खुशालरावाने वांग्या-मिरच्यांचा बापजाद्यांचा मळा भावाच्या गळ्यात घातला आणि तो बैलगाडीने कापूस वाहू लागला. कौशल्या एका शेठच्या वखारीत बोरे शिवायला जायची. दाभण-सुतळीने गोणपाटाचा मोठा बोरा शिवायचा, तो टांगायचा, मग एक माणूस आत उतरून कापूस पायांनी तुडवत तुडवत भरायचा, आणि शेवटी तोंड शिवायचं. दिवसभर तेच. वच्छला जवळ बसून सुतळीचे तुकडे वेचायची. शिवण संपवताना कौशल्या शेवटचे तीन टाके फाकवून घालायची. “चिमणीचा पाय हाये थो,” वच्छला म्हणायची, आणि एखाद्या बोऱ्यावर चिमणी बसली नाही तर रुसायची.

एका दुपारी पोर कापसाच्या ढिगाला टेकून पेंगत होती. तोंड अर्धवट उघडं, केसांत रुई अडकलेली. कौशल्याच्या मांडीवर गोणपाट पसरलेलं होतं, कोपऱ्यात जुन्या गोणीचं लाल काठाचं ठिगळ असलेलं. कोळशाचा तुकडा तिच्या कनवटीला असायचाच. सासूचं सगळं बोलणं आठवत असूनही तिने कोळसा काढला. भरड्या विणीवर तो अडखळत होता, तरी तोंड असं हुबेहूब उतरलं की तिला स्वतःलाच हसू फुटलं. तेवढ्यात मुकादम येताना दिसला. तो त्यांच्याच गल्लीतला आणि जिभेला हाड नसलेला. त्याने पाहिलं असतं तर दिवस मावळायच्या आत पार्वताबाईच्या कानावर गेलं असतं. कौशल्याने झटकन गोणपाट उलटलं, चित्राची बाजू आत घातली आणि शिवून टाकलं. दुसरं काढू की, तिला वाटलं. पोरगी समोरच तर होती.

तो बोरा भरून अकोल्याला गेला, आणि मग मरी आली. सकाळी खेळणारी वच्छला रात्री नव्हती.

“मले अकोल्याले घेऊन चाला,” भिंत पुसली त्याच दिवशी ती नवऱ्याला म्हणाली.

“काहून?”

“वाटंत सांगतो.”

मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा तिने बोऱ्यात शिवलेल्या चित्राचं सांगायला घेतलं. मग एकदम सगळं सांगून झालं. खुशालराव बैलांच्या शेपट्यांकडे पाहत ऐकत राहिला.

“मायले नको सांगू,” तो म्हणाला. “धसक्यानं मराची थे.”

“तुमाले काय वाट्टे? त्याच्यानंच गेली काय आपली पोट्टी?”

“गल्लीतले इतके गेले. त्यायचं कोनं काढलं होतं चित्र?” त्याने कासरा सैल सोडला. मग तो हळूच म्हणाला, “पण तू काढाचं नोतं.”

कौशल्याने पदर डोक्यावरून पुढे ओढला. जिवाला लागलं ते लागलंच.

अकोल्यापर्यंत आगगाडीचे रूळ येऊन पोचले होते, पण लढाई संपली होती आणि भाव पार बसला होता. पुन्हा चढेल या आशेवर शेठलोकांनी माल तिथेच ठेवला होता. स्टेशनाबाहेर उन्हात बोऱ्यांच्या भिंतीच उभ्या होत्या. कौशल्या त्यांतून फिरू लागली. जिथे तिथे तिच्याच हातच्या चिमण्यांचे पाय. एवढ्या सगळ्या शिवताना वच्छला जवळ होती. शेवटी एका थराच्या तळाशी लाल काठाचं ठिगळ दिसलं.

“ए बाई! मालाले हात कावून लावून राहिली?” चौकीदार ओरडला.

“शिवण उसवली हाये, शेठनं धाडलं तिले,” असं सांगून खुशालरावाने त्याला तंबाखू मळून दिली आणि बैलांच्या गोष्टीत गुंतवलं.

कौशल्याने दाभणाने टाके काढले आणि गोणपाटाची कड उलटी केली. आतल्या बाजूला चित्र नव्हतं. डोळा नव्हता, बट नव्हती. नुसता राखाडी डाग होता. आत उतरलेल्या माणसाने आपलं काम चोख केलं होतं. त्याच्या पायांखाली दबताना कापसाने सगळं तोंड पुसून घेतलं होतं. आजवर इतका कोळसा हाताळलेल्या तिला हे आधीच कळायला हवं होतं. पोथीतलं एखादं अक्षर पुसलं तर ते दुसऱ्या पोथीत सापडतं, तिच्या मनात आलं. हे कुठे शोधायचं?

डागाला चिकटलेला काळा कापूस तिने बोटांनी वेचून मुठीत घेतला. मग बोरा होता तसा शिवला. शेवटचे तीन टाके हाताने आपणहून फाकवून घातले.

घरी आल्यावर तिने पार्वताबाईपासून काहीच लपवलं नाही. लपवून ठेवण्याइतकं बळच उरलं नव्हतं. खुशालराव खुणेने नको नको म्हणत होता, तरी ती बोलत गेली. आता सासू छाती पिटेल, आपल्याला पोरखाऊ म्हणेल, असं धरूनच ती चालली होती. म्हणाली असती तर तिने ऐकूनही घेतलं असतं.

पार्वताबाईने हात पुढे केला. “आण इकडं.”

तो काळा पुंजका घेऊन म्हातारी दारातल्या उजेडात गेली आणि त्याला इकडून तिकडून पाहू लागली.

“दिसते काय याच्यात?”

“नाही जी. पुसलं सारं.”

म्हातारी उंबऱ्यावर बसली.

“मले बी नाही आठवत वो तिचं तोंड,” ती म्हणाली. “तू भिंतीवर काढलं, तवा म्या मान नाही वर केली. भेव वाटलं. वच्छी हाये का दुसरी कोनी हाये, थे मले समजलंच नसतं तं?”

कौशल्या तिच्या शेजारी जाऊन बसली. पार्वताबाईने पदराच्या टोकाची तंबाखूची पुडी सोडली आणि तिथे तो कापूस बांधला. तिची बोटं काळी झाली होती. रात्री भाकरी खायला बसली तरी तिने हात धुतले नाहीत.