टर्लिंगाचे खांब

ऑस्ट्रेलियातल्या टर्लिंगा गावाचा फुटबॉल क्लब मोडला त्याला दोन हिवाळे झाले होते. गव्हाची शेतं मोठी होत गेली आणि माणसं कमी. शाळा बंद पडली, मग तिकडच्या फुटबॉलला लागणारे अठरा गडी उभे करणंही जमेना. उरलेली पोरं शेजारच्या हॅलिडेलकडे गेली. ज्या हॅलिडेलशी झुंजण्यात गावाच्या पिढ्या गेल्या, त्यांच्याच निळ्या जर्सी आता पोरांच्या अंगावर!

नोरीन पेशेलने त्या निळ्या जर्सी धुवायला साफ नकार दिला. तिने उभा जन्म टर्लिंगाचा तांबडा-काळा रंग धुतला होता. नवऱ्याला पुरलं तेही त्याच रंगात.

जुलैत नगरपालिकेने ठरवलं, गोलचे खांब कापायचे. वापरात नाहीत, कुणाच्या डोक्यात पडले तर?

नगरपालिकेचा कामगार डार्सी फिंच करवत घेऊन मैदानावर आला, तर नोरीन खांबांना दोरी बांधून क्लबच्या जर्सी वाळत घालत होती.

"मावशी, हे काय?"

"धुणं. डोळे फुटले का?"

"घरी दोरी नाही?"

"घरी वारा नाही."

वारा तर सगळ्या माळावर घोंघावत होता.

"खांब वापरात नाहीत म्हणून मला पाठवलंय हो."

"आता आहेत ना! सांग जाऊन." तिने एक जर्सी झटकली. "ही सात नंबरची तुझी. तुझा दात पडला होता त्या दिवशी. रक्त निघता निघेना."

"दात हॅलिडेलवाल्याचा पडला होता, मावशी. रक्तही त्याचंच."

"मेल्या, मग उगाच घासलं मी इतकं!"

डार्सी खो खो हसला. मग साहेबाला फोन लावून म्हणाला, "मी नाही कापणार. तुम्ही या."

साहेब आला नाही. पुढच्या आठवड्यात बाहेरगावची माणसं आली आणि नोरीन पोचण्याआधीच उत्तरेचे खांब आडवे झाले. ती ओंडके ओलांडून थेट दक्षिणेच्या खांबाला पाठ लावून उभी राहिली. डार्सी आला, बेकरीवाली जून आली, ट्रॅक्टर सोडून शेतकरी आले. बाहेरची माणसं थोडा वेळ वाट पाहून निघून गेली.

"अर्धं मैदान गेलं," जून म्हणाली.

"मग एकाच टोकाला खेळू," नोरीन म्हणाली. "शनिवारी या सगळे."

शनिवारी आले. पोटं जर्सीबाहेर, गुडघे कुरकुरतायत, तरी दोन्ही संघ त्याच खांबांकडे चेंडू मारत होते. हॅलिडेलचा सेक्रेटरी कुंपणापाशी गाडी थांबवून ओरडला, "अहो, क्लब संपलाय तुमचा! ही मॅच धरायची कशात?"

"नका धरू!" नोरीन ओरडली. "गाडी तेवढी मागे घ्या, चेंडू येतोय!"